हार्ट सर्जरीनंतर मुलांना वॉर्डात उठवताना-चालवताना नेमकं काय सांभाळायचं?

रातपाळी

नमस्कार मंडळी. मी स्टाफ नर्स. मुलांच्या जनरल वॉर्डातून कार्डिअ‍ॅक सर्जरीच्या स्टेप-डाउनला (आयसीयूनंतरच्या वॉर्डाला) बदली झाली आहे. ड्रिप, इंजेक्शनं, मॉनिटर यांची सवय आहे, पण ऑपरेशन झालेल्या मुलाला हलवायचं म्हटलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो. एक सिस्टर म्हणतात तिसऱ्या दिवशी चालवाच, दुसऱ्या म्हणतात ड्रेन (छातीत साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या) निघेपर्यंत बेडवरून खाली उतरवू नका.

दोन नमुने देते. एक चार वर्षांचा मुलगा, 14 किलो, टेट्रॉलॉजीचं (हृदयातल्या चार जन्मजात दोषांचं) टोटल करेक्शन, तिसरा दिवस. ऑपरेशन छाती मधोमध उघडून झालेलं, दोन ड्रेन, पेसिंग वायर (गरज पडली तर हृदयाचे ठोके चालवणाऱ्या तारा) बॉक्सला जोडलेल्या पण बॉक्स स्टँडबायवर, मानेतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन, नाकातून 1 लिटर ऑक्सिजन. दुसरी आठ महिन्यांची, ग्लेन (डोक्याकडचं रक्त थेट फुप्फुसांकडे वळवायचं ऑपरेशन) झालेली, पाचवा दिवस, ड्रेन निघालेत.

बेडवरून खुर्चीत आणायची पद्धत काय, नळ्या कोणी आणि कशा धरायच्या, थांबायचं कधी? आणि नातेवाईक काखेत हात घालून उचलतात. त्यांना नुसतं "असं नको" म्हणून भागत नाही, कारण विचारतात.

बालफिजिओ

कारण सांगितलंत की ऐकतात, म्हणून तिथूनच.

छातीचं मधलं हाड उभं कापून परत तारेने बांधलेलं असतं, अगदी लहान बाळांत कधी विरघळणाऱ्या जाड धाग्याने. छातीवरचा मोठा स्नायू एका टोकाला या हाडाला आणि दुसऱ्या टोकाला दंडाला चिकटलेला असतो. हात धरून ओढलं की तो हाडाचा त्या बाजूचा अर्धा भाग खेचतो. काखेतून उचललं की मुलाचं सगळं वजन खांद्यांवर लटकतं आणि दोन्ही अर्धे बाहेर ताणले जातात. हाड सांधायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात. आईला तिचाच तळहात छातीवर ठेवून दुसरा हात कुणाला तरी ओढायला सांगा. स्नायू कसा ताणतो ते हाताला लागतं, मग वेगळं समजवावं लागत नाही.

आता चार वर्षांचा. या वयाच्या मुलाला उचलायची गरजच पडू नये, त्याने स्वतः उठावं आणि आपण आधार द्यावा, हे धोरण ठेवा.

आधी दुखण्याचं औषध. पॅरासिटामॉल तोंडाने देत असाल तर उठवायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. औषध उतरत आलेलं असताना उठवलंत तर मूल श्वास रोखून धरतं, अंग ताठ करतं आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला बघूनच रडायला लागतं. जेवणानंतर लगेच नको, उलटी होते.

बेडचं डोकं 45 अंशांपर्यंत वर घ्या. गुडघे दुमडायला सांगा. उशी किंवा त्याचं मऊ खेळणं दोन्ही हातांनी छातीशी कवटाळायला द्या. हात आत राहतात आणि मध्येच खोकला आला तर आधार तयार असतो. मग खांदा आणि कंबर एकाच वेळी, ओंडका वळवतात तसं, कुशीवर. छाती एकीकडे आणि कंबर दुसरीकडे असा पीळ पडू द्यायचा नाही. पाय बेडखाली सोडताना तुमचा एक हात त्याच्या खालच्या खांद्याच्या मागे, दुसरा वरच्या बाजूच्या कमरेवर. पाय खाली जातात त्याच लयीत धड वर येतं, ताकद फारशी लागत नाही.

कडेला बसल्यावर 2-3 मिनिटं काहीच करू नका. पाय स्टुलावर टेकलेले हवेत, लोंबकळते नकोत. चक्कर येते ती इथेच, खासकरून लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) नुकतंच गेलं असेल किंवा एनालाप्रिल (बीपी उतरवणारं औषध) सुरू असेल तर. चेहरा पांढरा पडला, जांभया यायला लागल्या, मूल एकदम गप्प झालं तर तसंच कुशीवरून आडवं करा. जांभयांकडे लोक दुर्लक्ष करतात, पण बीपी उतरतंय हे मॉनिटरच्या आधी त्याच सांगतात.

उभं करताना समोरून हात पकडून खेचू नका. समोर स्टुलावर बसा, दोन्ही तळवे त्याच्या कमरेच्या हाडांवर बाहेरून ठेवा आणि थोडं पुढे झुकायला सांगा. झुकलं की ढुंगण आपोआप सुटतं. पहिल्या दिवशी खुर्चीत 15-20 मिनिटं पुरेत. दिवसातून तीनदा थोडं थोडं बसवलेलं एकदाच तासभर बसवण्यापेक्षा बरं.

चालताना नाडी वाढणारच. बसून 120 असेल तर 140-150 होईल. 2-3 मिनिटं बसवल्यावर ती खाली यायला हवी. नाहीच आली, ठोके वाकडेतिकडे दिसू लागले, सॅच्युरेशन नेहमीच्या आकड्यापेक्षा 5 ने उतरलं, घाम फुटला किंवा एक वाक्यही सलग बोलता येईना, तर त्या दिवसापुरतं थांबा आणि डॉक्टरांना कळवा. सॅच्युरेशन एकदम 70 दाखवलं तर आधी मॉनिटरवरची लहर बघा. प्रोब पायाला लावून चालवलं की आकडा खोटाच येतो. उशी धरलेल्या हाताच्या बोटाला लावा, तो हात स्थिर असतो.

आयसीयू_ताई

वर पद्धत छान आली आहे. नळ्यांचं मी लिहिते, गडबड बहुतेक तिथेच होते.

माणसं किमान दोन. एक मुलाची, एक नळ्यांची. नळ्यांवाल्या व्यक्तीने मुलाला हात लावायचा नाही आणि मुलाच्या व्यक्तीने नळीला. ऑक्सिजनचा सिलिंडर बरोबर असेल तर तिसरा हवा. आई-बाबांना यात धरू नका, त्यांनी समोर खुर्चीशी थांबावं म्हणजे मुलाला जायला ठिकाण मिळतं.

उठवायच्या आधी बोट नळीवर ठेवून मुलापासून ड्रेनच्या बाटलीपर्यंत, नंतर मुलापासून पंपापर्यंत, प्रत्येक नळी एकदा फिरवून बघा. निम्म्या वेळा एखादी नळी मांडीखाली किंवा साइड रेलमध्ये अडकलेली सापडते. चादरीला पिनने अडकवलेला ड्रेन सोडवायचा राहिला की मूल उठतं आणि ड्रेन तिथेच राहतो. ड्रेन ज्या बाजूला आहेत त्याच बाजूने खाली उतरवा, म्हणजे नळी अंगावरून आडवी ताणली जात नाही.

बाटली कायम छातीच्या खाली आणि उभी. कडेवरच्या मुलाबरोबर बाटलीही उचलून वर घेतात, तेव्हा पाणी उलटं छातीकडे जाऊ शकतं. चालवायला नेताना नळीला क्लॅम्प लावू नका. हवा गळत असेल तर ती आत कोंडते, रक्त असेल तर ते हृदयाभोवती साचतं. सक्शन (बाटलीतून ओढून घेणारं यंत्र) लावलेलं असेल तर थोडा वेळ काढलं तर चालेल का हे डॉक्टरांना विचारून घ्या, आणि काढलंत तर बाटलीचं सक्शनचं तोंड उघडं ठेवा. ते बुचाने बंद करणं म्हणजे क्लॅम्प लावण्यासारखंच.

पहिल्यांदा उभं केलं की ड्रेनमध्ये एकदम धार येते आणि सगळे घाबरतात. झोपून साचलेलं पाणी असतं ते. रंग गडद, पातळ, 20-30 मिली येऊन थांबलं तर नोंद करा आणि पुढे चला. लालभडक, नळी हाताला गरम लागतेय, थांबत नाहीये, तर लगेच झोपवा. 14 किलोच्या मुलाला तासाला 3 मिली प्रतिकिलो म्हणजे साधारण 40 मिली. त्याच्या वर गेलं तर सर्जनना फोन, सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. याच्या उलटं जास्त फसवं असतं: वाहणारा ड्रेन अचानक कोरडा, नाडी वाढतेय, बीपी उतरतंय, हातपाय गार. नळी तुंबून रक्त हृदयाभोवती साचत असेल. अशा मुलाला उठवायचं नसतं.

जोडणीतून नळी निसटली तर मुलाकडचं टोक लगेच निर्जंतुक पाण्यात बुडवा आणि ओरडून मदत मागा. त्यासाठी पाण्याची सीलबंद बाटली चालताना स्टँडला अडकवून न्यायची. ड्रेन मुळासकट बाहेर आला तर ग्लोव्ह घातलेल्या हाताने छिद्र दाबून धरायचं, परत आत घालायचा नाही.

पेसिंग वायर पोटाच्या वरच्या भागातून बाहेर येतात. साधारण उजव्या बाजूने निघणाऱ्या हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या आणि डाव्या बाजूने निघणाऱ्या खालच्या कप्प्याच्या असतात, पण त्यावर विसंबू नका, लेबल बघा. जोडलेल्या नसतील तर उघडी टोकं झाकून पोटावर गोल गुंडाळी करून चिकटवा आणि हाताळताना ग्लोव्ह घाला. बॉक्स जोडलेला असेल तर बेडच्या दांड्याला टांगून ठेवू नका, मूल उठलं की वायर ओढली जाते. तो मुलाच्याच गळ्यात पिशवीत, पट्टा सैल, किंवा नळ्यांवाल्या व्यक्तीच्या हातात. बॅटरी बघून घ्या. मुलाचे स्वतःचे ठोके नाहीत, बॉक्सवरच चाललंय, अशा मुलाला डॉक्टर सोबत असल्याशिवाय बेडवरून उतरवू नये. वायर काढल्यावर युनिटच्या नियमाप्रमाणे 1 ते 4 तास बेडवरच, सुरुवातीला दर 15 मिनिटांनी नाडी-बीपी. "वायर निघाल्या, आता मोकळा झाला" म्हणून लगेच खेळायला सोडतात, नेमक्या त्याच वेळात रक्त साचायचं असलं तर साचतं.

सलाइन स्टँड मुलाला ढकलायला देऊ नका. मूल त्याला लटकतं आणि चाकं पुढे पळतात. आणि मोजे काढा. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून चालणारं मूल घसरलं की आपण काय धरतो? दंड.

निवासी_डॉक्टर

दोघींशी बहुतेक सहमत, पण एक भर घालतो, कारण धागा वाचून लोक मुलाला बांधून ठेवतील अशी भीती वाटते.

मुलाने स्वतःहून केलेली हालचाल सहसा धोक्याची नसते. दुखायला लागलं की ते आपणहून थांबतं. धोका असतो तो मोठ्यांनी बाहेरून लावलेल्या जोराचा, त्यातही एकाच हाताला दिलेल्या झटक्याचा. त्यामुळे "हात खांद्याच्या वर नेऊच नको" हा नियम लहान मुलाला लावण्यात मला अर्थ दिसत नाही. दोन्ही हात एकदम, हळू, दुखेपर्यंतच वर नेले तर चालतं. पूर्ण बंदी घातली की महिनाभरात मूल खांदे पुढे आणि पाठीत कुबड काढून बसायला शिकतं. वेगवेगळ्या सेंटरचे नियम वेगळे असतात आणि त्यामागे भक्कम पुरावा फारसा नाही, हेही खरं. आपल्या सर्जनचा नियम पाळा, पण का आहे ते विचारा.

मधून न उघडता बाजूने बरगड्यांमधून गेलेल्यांचं गणित वेगळं. पीडीए (महाधमनी आणि फुप्फुसधमनीमधली न मिटलेली नळी), कोआर्क्टेशन (महाधमनी अरुंद असणं), काही बीटी शंट (फुप्फुसांकडे रक्त नेणारी जोडनळी), हल्ली काखेखालून केलेले एएसडी (वरच्या कप्प्यांमधलं छिद्र). यात मधलं हाड शाबूत असतं, पण स्नायू कापलेला असतो आणि मूल त्या बाजूला झुकून हात अंगाशी घट्ट धरून ठेवतं. इथे हात वर न्यायला लावणं हाच उपचार. भिंतीवर रोज थोडं वर स्टिकर चिकटवायला द्या. तसंच सोडलं तर खांदा उतरतो आणि पुढे पाठीचा कणा वाकण्याचा धोका राहतो. काखेत हात घालून उचलणं याही मुलांना नको, जखम तिथेच असते. कोआर्क्टेशनच्या मुलाला बीपीच्या मर्यादेत ठेवूनच चालवा, सुरुवातीला त्यांचं बीपी चढतं.

हाड सुटतंय हे कसं ओळखायचं असं कोणी विचारेल म्हणून: खोकताना छातीत कट् असा आवाज किंवा हाताला जाणवणारी हालचाल, टाक्यांतून पाणी, लाली, ताप, किंवा कालपर्यंत सहज उचलू देणारं बाळ आज उचलताच किंचाळतंय. यातलं एकही असलं तर चालवणं बंद, आधी दाखवा.

रातपाळी

खूप आभार, सर आणि ताई. आठ महिन्यांच्या बाळाचं कोणी सांगाल का? आजी सोबत आहेत. त्यांना मालिश सुरू करायची घाई आहे आणि बेडला झोळी बांधू का म्हणून विचारत होत्या. शिवाय बाळाचं सॅच्युरेशन 80 आहे, ते बघून नातेवाईक घाबरतात.

बालफिजिओ

ग्लेननंतर 75 ते 85 हाच तिचा आकडा. निळं रक्त अजून मिसळतंच आहे. आजींना सांगा की या बाळाचं 80 म्हणजे बरोबर, आणि 95 करायच्या नादात कोणी ऑक्सिजन वाढवू नका.

ग्लेनमध्ये डोक्याकडून येणारं रक्त हृदयाच्या पंपाशिवाय थेट फुप्फुसात उतरतं. म्हणून डोकं 30 ते 45 अंश वर ठेवायचं, मान सरळ. सपाट झोपवलं की चेहरा सुजतो, बाळ किरकिर करतं. रडणं लांबलं की सॅच्युरेशन आणखी उतरतं, त्यामुळे टोचणं, वजन, एक्स-रे आणि व्यायाम एकापाठोपाठ एक उरकू नका.

उचलायची रीत: एक हात डोकं-मान-खांद्यांखाली पूर्ण सरकवा, दुसरा ढुंगणाखाली. आधी बेडवरच बाळाला आपल्या अंगाशी आणा, मग उभ्या राहा. हात लांब करून उचलायला गेलात की बाळ कमरेत दुमडतं. कडेवर घेताना तोल गेला की आपला हात आपोआप त्याच्या काखेत जातो, म्हणून सध्या त्याची पाठ आपल्या छातीला, एक हात ढुंगणाखाली, दुसरा मांड्यांवर. छातीवरून पट्टा घातल्यासारखा हात नको. ढेकर काढायला खांद्यावर पोटावर टाकू नका. मांडीवर बसवून किंचित पुढे झुकवा, तळहाताने हनुवटी आणि मान सांभाळा.

लंगोट बदलताना दोन्ही पाय एका हातात धरून कंबर उचलायची आपल्याकडे सवय आहे. त्याऐवजी कुशीवर वळवून खाली सरकवा. झबलं पुढून बंदांचं घ्या. बाही घालताना बाळाचा हात ओढायचा नाही. आपला हात बाहीतून उलटा घालून त्याची मूठ धरायची आणि कापड वर सरकवायचं. डोक्यातून घालायचे टी-शर्ट घरीच ठेवा.

झोळी नको. त्यात पाठ गोल होते, हनुवटी छातीला टेकते, छाती दोन्ही बाजूंनी दाबली जाते आणि या बाळाला हवं ते डोकं-वर मिळत नाही. मालिश छाती-पोटाला आणि पायांवर पालथं घालून 6 आठवडे तरी नाही, तेल जखमेजवळ अजिबात नाही. आजींच्या हाताला काम हवं असेल तर तळपाय आणि पोटऱ्या आहेत. पालथं घालणं कधी सुरू करायचं ते सर्जनला विचारून, सहसा 4 ते 6 आठवड्यांनी. बाळ आपणहून वळलं तर मात्र घाबरून परत उलटवायला धावू नका.

सगळ्यात जास्त काखेतली उचल कधी होते सांगू? सकाळच्या वजनाला आणि पोर्टेबल एक्स-रेला. घाईत बाळाला काखेतून धरून काट्यावर ठेवतात, आणि प्लेट सरकवायला दोन्ही हात डोक्यावर ताणून धरतात. बेडच्या डोक्याशी "काखेतून उचलू नये" अशी पाटी मराठी-हिंदीत लावा, ती नातेवाइकांइतकीच आपल्या लोकांसाठी आहे.

आयसीयू_ताई

संडासाचं कोणी लिहिलं नाही. दुखण्याची औषधं, कमी पाणी आणि कमी हालचाल यांनी मुलाची शौच हटकून कडक होते. कुंथताना श्वास रोखला जातो, छातीत दाब वाढतो, टेट्रॉलॉजीच्या मुलाचा चेहरा काळानिळा झालेला दिसतो. दुसऱ्या दिवसापासूनच शौच झाली का हे विचारा आणि पातळ करायचं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या. भारतीय पद्धतीच्या संडासात बसवायचं टाळा, कारण उठताना कोणीतरी हात ओढतंच. खुर्चीचा कमोड, पायाखाली स्टूल, पुढ्यात उशी. लॅसिक्सनंतर अर्धा-एक तासात लघवीला घाई होते, त्या वेळात चालवायला काढू नका. मूल धावतं आणि नळ्या मागे राहतात.

खोकला आणि श्वासाचे व्यायाम: चार वर्षांच्याला तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर बहुधा जमत नाही, उलटं फुंकत बसतं. साबणाचे फुगे किंवा भिरभिरं द्या. जागेपणी दर तासाला 8-10 फुंका, मग उशी कवटाळून दोन खोकले.

निवासी_डॉक्टर

डिस्चार्जच्या दिवशी नातेवाइकांकडून उचलून दाखवून घ्या, तोंडी सांगून उपयोग नाही. जो घरी जास्त उचलणार आहे त्याच्याकडून, बहुतेक वेळा काका किंवा आजोबा. बाइकवर दोघांच्या मध्ये बसवून न्यायचं नाही. एसटीने जाणार असाल तर मागच्या सीटवर नको, तिथे दणके जास्त. पट्टा असेल तर लावायचाच, छाती आणि पट्ट्यामध्ये पातळ उशी. सायकल, झाडावर चढणं, चेंडू छातीवर येईल असे खेळ 6 ते 8 आठवडे बंद. शाळेत जाणाऱ्यांचं दप्तर दुसऱ्याने उचलायचं. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) सुरू असलेल्या मुलांना पडण्याबद्दल वेगळं सांगा: डोक्याला मार लागला तर टेंगूळ दिसो न दिसो, त्याच दिवशी दाखवायला आणायचं.